तीन सेकंदांची हाक

मेलेल्या बाईचा आवाज मला अजून आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. यात भुताखेताचं काही नाही. जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे बाकड्यावर बसलेला कोणीतरी रील सरकवत असतो आणि मधेच ती बोलते, "ऊठ रे भाऊ, पानी ऊनं." तीन सेकंद. मग ढोल, मग बास, मग तिच्या मुलाचा आवाज. मी भाजीची पिशवी घेऊन जागच्या जागी उभी राहते. बाकड्यावरचा माणूस तोवर पुढच्या रीलवर गेलेला असतो.

तो आवाज तिथे मी ठेवला. कसा ठेवला आणि वेळेवर का काढला नाही, हे कोणी मला विचारलेलं नाही. म्हणूनच लिहिते आहे.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. कॉलेजात असताना मुलींच्या एसटी पाससाठी, वसतिगृहातल्या जेवणासाठी, ग्रंथालय संध्याकाळीही उघडं राहावं यासाठी मी पत्रकं लिहिली, छापून आणली, स्टँडवर उभं राहून वाटली. पत्रकाचे नियम मला छापखान्याच्या आबांनी शिकवले. मागणी वर, ठसठशीत. मागणी एकच. ती तीन वेळा यायला हवी, कारण लोक पत्रक चालता चालता वाचतात. आणि खाली जबाबदार माणसाचं नाव. बिननावाचं पत्रक म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड, असं आबा म्हणायचे, आणि तसलं पत्रक ते छापायलाच घेत नसत.

तिचा मुलगा माझ्या वर्गात होता. धुळ्याचा, शिकायला जळगावात खोली करून राहिलेला. अहिराणीत रॅप करायचा. स्टेजवर नव्हे, खोलीत, दोरीवर गोधडी टाकून तिच्या आत बसून, म्हणजे आवाज घुमत नाही. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला. हा माणूस इतकं नेमकं लिहितो, कापूस वेचणाऱ्या बायांच्या बोटांवर लिहितो, मुलाखतीत शेतकऱ्याच्या मुलाला आधी भाषा सुधारून या असं सांगणाऱ्या साहेबांवर लिहितो, आणि हे फक्त गोधडीने ऐकायचं?

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्याला उभं केलं तेव्हा निवेदक म्हणाला, आता थोडी गावरान गंमत. लोक आधीच हसायला लागले. तो खाली उतरला तेव्हा मी त्याला सांगितलं की यापुढे तुला कोण काय म्हणून बोलावणार ते मी ठरवणार. तो म्हणाला, बरं. त्याला वाटलं मी रागात आहे, उतरेल.

उतरला नाही. त्याच महिन्यात जळगावात एका हॉटेलच्या हॉलमध्ये कलाकारांसाठी कार्यशाळा झाली. पुण्याहून आलेले एक गृहस्थ पर्सनल ब्रँडिंग शिकवत होते. स्वतःला एका वाक्यात सांगा, तुमची गोष्ट विका, रंग एकच ठेवा, उत्तर चोवीस तासांत द्या. मी सगळं लिहून घेतलं. मला त्यात नवीन काही दिसलं नाही, आबांचंच पत्रक होतं, फक्त माणसाचं केलेलं. पण चहाच्या वेळी ते गृहस्थ हसत हसत म्हणाले, "तुमच्याकडची मुलं गुणी असतात हो, पण तारीख पाळत नाहीत." आणि आजूबाजूचे आमचेच लोक माना डोलावत होते.

हे वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. तारीख पाळत नाहीत. मी ठरवलं, आमचा माणूस तारीख पाळेल. आकाश कोसळलं तरी पाळेल.

मग मी त्याचं सगळं हातात घेतलं. काळा सदरा, दुसरा रंग नाही. मेहरूण तलावाच्या काठावर सकाळच्या उजेडात फोटो काढले, त्यातला एकच ठेवला. पेजवर त्याच्याबद्दल एकच वाक्य, तेही अहिराणीत. आलेल्या प्रत्येक निरोपाला त्याच दिवशी उत्तर. कार्यक्रमाचं बोलणं आलं की आधी लेखी : माईक किती, आवाजाची तपासणी किती वाजता, नाव पत्रिकेत कसं छापणार. गावरान हा शब्द छापला तर येणार नाही, हेही लेखी. पेजच्या तळाशी लिहिलं, व्यवस्थापन, आणि पुढे माझं नाव. पत्रकाला असतं तसं. तो एकदा म्हणाला, "तू मनं दुकान करी टाकं." माझं दुकान करून टाकलंस, असं. म्हणाला हसून, पण तेव्हा मला त्यातलं हसूच दिसलं.

राहिला होता टॅग. रॅपवाल्यांच्या गाण्याच्या सुरुवातीला दोनतीन सेकंदांचा एक आवाज असतो. तो ऐकला की गाणं कोणाचं ते कळतं. त्यालाच टॅग म्हणतात. आमच्याकडची बाकीची मुलं कुठल्यातरी मशीनसारख्या बाईच्या इंग्रजीत आपलं नाव म्हणवून घ्यायची. मला ते नको होतं. मी त्याला विचारलं, लहानपणापासून तू सगळ्यात जास्त वेळा कोणता आवाज ऐकलास? तो लगेच म्हणाला, मायचा. पाणी आल्यावर उठवायची तो.

पाणी पहाटे यायचं, आणि ज्या दिवशी येईल त्या दिवशी सगळ्या घराने हांडे, बादल्या, पिंप घेऊन उभं राहायचं. पानी ऊनं, पाणी आलं, म्हणून सगळ्यांना उठवायचं काम तिचं. ती आधी जागी असायची, नळाला कान लावून.

मी धुळ्याला गेले. देवपुरातलं घर, पुढे लहान ओटा, आत ती भाकरीचं पीठ मळत बसलेली. त्याचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणायचे, बाजेवर बसून आमचा खेळ बघत होते. मी फोन पिठाच्या डब्यावर ठेवला आणि तिला सांगितलं, माय, त्याला उठवता तशी हाक मारा. तिने पदर सारखा केला आणि शाळेतल्या कवितेसारखं म्हणून दाखवलं. नाना हसले. परत, परत. प्रत्येक वेळी आवाज आणखी ताठ. शेवटी ती थांबली आणि मला विचारलं की हे गाण्यात किती दिवस राहणार. मी म्हटलं, कायमचं.

तेव्हा तिने हात पिठात तसाच ठेवून सांगितलं, "मी गऊ का मंग हाई काढी टाका. मरेल मानुसनी हाक कोनले ऐकू येवाले नको."

ती गेली की काढून टाकायचं, मेलेल्या माणसाची हाक कोणाला ऐकू यायला नको. मी म्हटलं, हो माय. असं म्हणतात तसं म्हटलं. ती पन्नाशीची, धडधाकट बाई होती. मग तिने विचारलं, "बंद व्हयनं का ते?"

बंद झालं नव्हतं. मी म्हटलं, झालं.

मला माहीत होतं की माईक बंद आहे असं वाटल्यावरच माणूस खरा बोलतो. ती भाकरी थापायला लागली. मी गप्प बसले. काही मिनिटांनी बाहेर नळ खरंच खरखरला, त्या दिवशी पाणी उशिरा आलं होतं, आणि आतल्या खोलीत झोपलेल्या आपल्या मुलाला तिने खरी हाक मारली. तीच ती तीन सेकंदं. अकरा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून मी तेवढीच कापून घेतली. बाकीचं माझ्या लॅपटॉपवर राहिलं.

टॅग चालला. चालला म्हणजे काय, त्याचं नाव मागे पडलं आणि हाक पुढे गेली. रिक्षावाले ती एकमेकांना मारायचे. तिने स्वतः ती शेजारणीच्या फोनवर ऐकली आणि मला निरोप धाडला की पुढच्या खेपेला येशील तेव्हा जेवून जा. तिला राग नव्हता. उलट बाजारात कोणी हाक म्हटली की ती वळून बघायची आणि सांगायची, ती मीच.

चौदाव्या गाण्याची तारीख आम्ही तीन आठवडे आधी जाहीर केली होती. गाणं अपलोड झालं होतं. ते ठरलेल्या दिवशी सकाळी नऊ वाजता आपोआप बाहेर पडणार होतं, कोणी बटण दाबायची गरज नव्हती. आणि मधेच ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली, रिक्षात बसवेपर्यंत संपलं.

तिसऱ्या दिवशी मी दारावर गेले. आमच्या खानदेशात दारावर जायचं म्हणजे ज्यांच्याकडे माणूस गेलं त्यांच्या अंगणात जाऊन बसायचं. बोलायचं काही नसतं. बायका आत, पुरुष बाहेर सतरंजीवर, कोणी आलं की रडं उठतं, मग पुन्हा सगळं शांत. तो बाहेर बसला होता, मुंडण केलेला, पांढऱ्या कपड्यात. इतके दिवस त्याला काळ्या सदऱ्यात बघून मला तो क्षणभर ओळखू आला नाही. नाना भिंतीला टेकून. मला त्याला विचारायचं होतं, गाण्याचं काय करू. पण अशा ठिकाणी गाण्याचं विचारतात का? विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये पारोळ्याच्या पुढे मी फोन उघडला. तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं, तारीख बदला. त्यावर बोट ठेवलं असतं की झालं असतं. मी बोटांवर दिवस मोजले. ठरलेली तारीख म्हणजे बरोबर तिच्या दहाव्याचा दिवस. हे मला कळलं. नंतर कळलं असं नाही, त्याच बसमध्ये, एरंडोल यायच्या आत कळलं.

आणि मी काय विचार केला? मी त्या हॉलमधल्या गृहस्थाचा विचार केला. तारीख पाळत नाहीत. मी मनात त्याला उत्तर दिलं की आमचा माणूस घरात सुतक असताना सुद्धा पाळतो. मला त्यात अभिमान वाटला. पत्रकातली सगळ्यात ठसठशीत ओळ वाटली ती. तिचं "काढी टाका" मला आठवलं नव्हतं असं मी पुढे कित्येक महिने स्वतःला सांगत आले. आठवलं होतं. मी म्हटलं, नंतर काढू. मी फोन पिशवीत टाकला.

दहाव्याला पांझरेच्या काठावर गेलो. पिंड ठेवले. पुरुष पायऱ्यांवर, आम्ही चारसहा बाया जरा मागे झाडाखाली. सगळे कावळ्याची वाट बघत होते. कावळा येत होता, लांब बसत होता, शिवत नव्हता. लोक हळूच एकमेकांना विचारत होते, तिची इच्छा कशात राहिली. नातवंडं बघायची राहिली, कोणी म्हणालं. घराचा वरचा मजला, दुसरं कोणी म्हणालं. त्याने हात जोडून नदीकडे बघत काहीतरी कबूल केलं. कावळा हलला नाही. मग सगळे गप्प झाले, इतके की पाण्याचा आवाज येत होता.

नऊ वाजले असणार. पायरीवर बसलेल्या त्यांच्या कॉलनीतल्या एका माणसाच्या फोनवर लिंक आली असणार, आणि त्याने सवयीने उघडली असणार.

"ऊठ रे भाऊ, पानी ऊनं."

नदीकाठावर आवाज कसा पसरतो ते ज्याने ऐकलंय त्याला सांगायला नको. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या, फोनकडे नाही, घराच्या दिशेने. आणि नाना उठले. पायरीला हात न लावता, कोणी आधार न देता, तीस वर्षं उठत होते तसे ते ताडकन उभे राहिले, आणि एक पाऊल टाकलं. मग ढोल सुरू झाला. त्या माणसाने घाबरून फोन उलटा केला, धोतराखाली दाबला, तरी ढोल वाजतच होता. नाना उभेच. त्यांना परत कसं बसायचं ते कळत नव्हतं. शेवटी मुलाने त्यांचा हात धरून खाली बसवलं.

कोणी मला काही म्हटलं नाही. कावळा शिवला की नाही ते मला आठवत नाही. शिवला असं लोक सांगतात.

तो माझ्याकडे आला तो दुपारी, जेवणावळ उठल्यावर. त्याने विचारलं, ते थांबवता येत नव्हतं का? मी म्हटलं, आपोआप होतं ते, सिस्टीममध्ये होतं. त्याने मान हलवली. माझ्यावर त्याचा विश्वास होता. हे मी सगळ्यात शेवटी विसरेन.

ते गाणं आधीच्या तेरा गाण्यांहून जास्त फिरलं. लोक खाली लिहायचे, एन्ट्री कडक. मग ती हाक गाण्यातून सुटली आणि एकटीच फिरायला लागली. नवऱ्याला उठवणाऱ्या बायकांचे विनोद, परीक्षेच्या दिवशी झोपलेल्या मुलांचे विनोद, एका टँकरवाल्याने तर जाहिरातीला लावली. मी त्या टँकरवाल्याला फोन करून झापलं. आईचा आवाज आहे तो, लाज वाटते का, वगैरे. तो बिचारा म्हणाला, ताई, आम्हाला काय माहीत, आम्हाला ती कोणी कलाकार बाई वाटली. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्याला जे म्हणाले ते सगळं चुकीच्या माणसाला म्हणाले.

दीड महिन्याने चाळीसगावचा कार्यक्रम होता. तोही आधीच ठरलेला, लेखी. त्याला जायचं नव्हतं. मी त्याला तेच ऐकवलं, तारीख, शब्द, आपल्याकडच्या लोकांबद्दल लोक काय म्हणतात. तो काळा सदरा घालून आला. डोक्यावर केस जेमतेम फुटले होते. आवाजवाल्याने बटण दाबलं, आणि ती बोलायच्या आतच समोरच्या सगळ्या मैदानाने मिळून हाक मारली. शेकडो पोरांच्या गळ्यातून तिचं वाक्य. तो माईक तोंडाशी धरून उभा होता. ढोल आला, बास आला, त्याची ओळ यायची जागा आली आणि गेली. बीट पूर्ण वाजून संपली. मग तो माईकमध्ये अगदी हळू म्हणाला, "पानी गयं."

आणि खाली उतरला. लोक हसले, टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग.

त्यानंतर त्याने लिहिलं नाही. मीही फोन करायचे कमी केले. तो सोलर पंप बसवणाऱ्यांकडे कामाला लागला, शिंदखेड्याकडे शेतांत फिरायचा. पेज तसंच होतं. आलेल्या निरोपांना मी त्याच दिवशी उत्तर देत होते, कलाकार सध्या नवीन कामात व्यस्त आहेत.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा त्याचा फोन आला. नानांना तिचं बोलणं ऐकायचं होतं. घरात फोटो ढीगभर होते, लग्नांच्या सीडी होत्या, पण त्यात ती कुठे बोललेलीच नव्हती, सगळीकडे बँड. तिचा आवाज म्हणून जगात एवढीच तीन सेकंदं. नाना म्हणत होते, त्या पोरीने त्या दिवशी खूप वेळ फोन ठेवला होता. त्याने विचारलं, तुझ्याकडे पूर्ण आहे का?

मी म्हटलं, आहे. बघते.

बघायचं काय होतं? अकरा मिनिटं होती. त्यातल्या कोणत्या मिनिटाला ती "काढी टाका" म्हणते आणि कोणत्या मिनिटाला मी "झालं" म्हणते, ते मला पाठ होतं. मला कापाकापी चांगली येते. अर्ध्या तासाचं काम होतं. कळलंही नसतं. मी फाईल उघडली, ती वीस सेकंदं निवडलीही. पडद्यावर ती निळी झाली. आणि मला आबांच्या छापखान्यातला वास आला, शाईचा, रॉकेलचा. बाकी काही झालं नाही, नुसता वास. मी लॅपटॉप मिटला.

देवपुरात दुपारी गेले. नाना त्याच बाजेवर. मी लॅपटॉप पिठाच्या डब्यावर ठेवला, जागा तीच, कारण आवाजासाठी घरात तीच उंची बरोबर होती. तो दारात उभा राहिला, बूट न काढता. मी आधी सांगावं असं खूप वाटलं, पण मी आधी सांगितलं असतं तर ती माझी बाजू झाली असती. लावलं.

ताठ हाका आल्या. नाना हसले, रेकॉर्डिंगमधले आणि बाजेवरचे एकदमच. मग तिचं ते वाक्य आलं. मग माझं, हो माय. मग तिने विचारलं बंद झालं का, आणि माझा आवाज, तरुण, घाईतला : झालं.

तो दारातून म्हणाला, "तुले माहीत व्हतं."

मी म्हटलं, हो. दहाव्याचं पण माहीत होतं. बसमध्ये तारीख बदलता येत होती.

रेकॉर्डिंग चालूच होतं. आता त्यात ती बोलत नव्हती. नुसती भाकरी थापत होती. थप, थप, परातीत फिरवल्याचा आवाज, तव्यावर टाकल्याचा, मधेच गॅसला हळूच एक शिवी, पुन्हा थप, थप. चार मिनिटं. तिला वाटत होतं, कोणी ऐकत नाही. मग नळ खरखरला. मी हात पुढे केला, हाक यायच्या आत बंद करायला. नानांनी माझं मनगट धरलं. हाक आली. या वेळी ते उठले नाहीत.

संपल्यावर ते म्हणाले, तो भाकरीचा आवाज परत लाव. लावला. तो संपला. परत. तिसऱ्या वेळी ते डोळे मिटून म्हणाले, "हाई ऱ्हाऊ दे. बाकीनं बठ्ठं काढी टाक."

मी बाकीचं सगळं काढलं. चौदाही गाणी खाली उतरवून, हाक कापून, पुन्हा चढवली. आकडे शून्यावर आले, येऊ देत. पण जी हाक सुटली ती सुटली. ती लोकांच्या फोनमध्ये आहे, विनोदांत आहे, आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. तिने सांगितलेलं मी अर्धंच करू शकले, आणि तेही एक वर्ष उशिरा. आमच्याकडे म्हणतात, न दिसणाऱ्या माणसाने एकदाच हाक मारली तर ओ देऊ नये. मी देत नाही. फक्त थांबते.

पेजचा पासवर्ड मी त्याला दिला. गेल्या महिन्यात त्याचं नवीन गाणं आलं. मला त्याने कळवलं नव्हतं, इतरांना दिसलं तसं मला दिसलं. कुठल्याशा बुधवारी, कुठलीही तारीख जाहीर न करता. फोटोत तो कामाच्या खाकी सदऱ्यात. सुरुवातीला टॅग नाही, थेट पहिली ओळ. ओळ चांगली आहे. पेजच्या तळाशी व्यवस्थापन हा शब्द होता तिथे आता काही नाही.

पण त्या जुन्या तारखेखाली कोणाचं तरी नाव लागलं पाहिजे. सिस्टीमचं नाही, आपोआपचं नाही. ते माझं आहे.